शेकाच्या खाटेवरची जागा

आत्यांच्या छातीवर पुन्हा गाठी आल्यात, हे मला धुण्यातल्या पोलक्यावरून कळलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना आत्याच म्हणते. मामंजी गेल्यावर त्या वेल्ह्याच्या पुढं पासलीला एकट्याच राहायच्या. भाताची चार खाचरं, दोन शेरडं, दारात फणस. आम्ही दोघं भोरला. मी तहसील कचेरीत कारकून, नवरा शिरवळला कंपनीत. तीन वर्षांपूर्वी आत्यांचा डावा स्तन काढला होता. सलाईनमधली औषधं झाली, किरणं झाली, आणि आता ते सगळं मागं पडलं असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी संक्रांतीला त्या भोरला आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं पोलकं धुवायला घेतलं, तर आतून डाव्या बाजूला जुन्या धोतराची घडी टाके घालून बसवलेली. घडीवर पिवळसर डाग होता.

"आत्या, हे काय?"

"उगं आपलं. घासतंय तितं."

"दाखवा बघू."

त्या दाखवायला तयार नव्हत्या. मी दार लावून घेतलं आणि समोर बसून राहिले. शेवटी त्यांनी पदर बाजूला केला. ऑपरेशनच्या व्रणावर तुरीच्या दाण्याएवढ्या पाच-सहा गाठी होत्या. दोन एकमेकींना चिकटून फुटल्या होत्या. त्यांच्या खाली, बरगडीवर, तीन जुन्या खुणा. त्या मला आधीपासून माहीत होत्या. आत्या लहान असताना त्यांना डबा झाला होता, म्हणजे ताप आणि छाती भरून येणं. त्या काळी त्यावर तापलेल्या लोखंडाचे डाग देत. तिन्ही खुणा बोटाच्या पेराएवढ्या, पांढरट, गुळगुळीत.

"कधीपासून आहे हे?"

"भात झोडलं तवापास्नं."

म्हणजे दोन महिने त्या हे घडीखाली झाकून हिंडत होत्या.

पुण्याच्या डॉक्टरीण बाईंनी तुकडा काढून तपासला. तोच आजार परत आला होता, पण अजून फक्त छातीच्या कातडीत होता. गोळ्या बदलल्या. किरणं पुन्हा द्यावी लागणार होती. अडचण अशी की त्या जागेला एकदा पूर्ण किरणं देऊन झालेली. पुन्हा तेवढी दिली तर कातडी सोसणार नाही. "म्हणून थोडीच देऊ," त्या म्हणाल्या, "आणि किरणांच्या आधी तासभर तिथं उष्णता देऊ. गाठीतल्या पेशी गरम झाल्या की कमजोर पडतात. रक्त जास्त धावतं, मग थोड्या किरणांचंही काम जास्त होतं."

"शेक मागल्या खेपेलाच दिला की," आत्या म्हणाल्या.

आमच्याकडं किरणांनाच शेक म्हणतात. त्यात ऊब अशी काही नसते, पण नाव तेच पडलंय. बाईंना ते ठाऊक असावं. त्या हसल्या. "तो नावाचा शेक होता आजी. हा खरा. बेचाळीस अंशाच्या आसपास."

"म्हंजी राब भाजावा तसं."

बाईंना कळलं नाही. मी सांगितलं की डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, त्यानं तण मरतं आणि मग रोप जोमानं येतं.

"तसंच म्हणा," बाई म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. नुसत्या उष्णतेनं हा आजार जात नाही. किरणं आणि गोळ्यांच्या जोडीनंच. घरी विटा नि मिठाच्या पुरचुंड्या तापवून शेकत बसू नका, भाजेल फक्त." हे त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं. माझ्या शेजारणीनं मला नेमका विटेचाच सल्ला दिला होता.

आठवड्यातून दोनदा किरणं, आणि त्यातल्या एका दिवशी आधी शेक. असे चार आठवडे ठरले.

पहिल्या दिवशी मी खोली बघून घेतली. मध्ये उंच, अरुंद खाट. वरून एक जड डबा खाली येतो, तो आणि छाती यांच्यामध्ये कोमट पाण्याची पिशवी बसते. कातडीवर बारीक वायरी चिकटवतात, कुठं किती तापलं ते कळायला. मशीन चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आत्यांना मध्यावर निजवलं, माझा मोबाईल बाहेर ठेवायला लावला आणि मला काचेबाहेर आपल्या शेजारी बसवलं. पडद्यावर आत्या दिसत होत्या. दुसऱ्या पडद्यावर आकडे. आत काही बोललं तर बाहेर ऐकू यायचं.

"कुठं चटका बसला तर लगेच सांगायचं आजी. सोसत राहायचं नाही."

"व्हय."

आकडे हळूहळू चढले. एकेचाळीस. बेचाळीस. वीसेक मिनिटांनी बाईंनी मशीन थांबवलं आणि आत गेल्या. आत्या खाटेच्या उजव्या कडेला सरकल्या होत्या. त्यांना पुन्हा मध्यावर आणलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाई जरा वैतागल्या. "आजी, मध्यावर पाहिजे हो. नाहीतर भलतीकडंच तापतं."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "चटका बसत होता का? सरकत का होता?"

"न्हाई गं. ऊब चांगली लागली. पर खाट लई अरुंद हाय, दोघींला पुरत न्हाई."

मला वाटलं, त्या माझ्याबद्दल म्हणतायत. मी आत येऊन शेजारी बसायला हवं होतं, असं.

दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा बाईंनी दोन्ही बाजूंना उशा लावल्या. एक वायर जास्तीची होती. ती अंगाला न लावता त्यांनी खाटेच्या डाव्या कडेला चादरीवर ठेवली. खोली थंडगार होती, त्यामुळं त्या वायरीचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप खाली असायला हवा होता.

दहा मिनिटांनी आतून आवाज आला. "सरकते गं. सरकते न्हवं का."

आवाज आत्यांचाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. त्यातला खरखरीतपणा गेला होता. एखादं लहान पोर दुसऱ्या पोराशी बोलावं तसं.

बाईंनी बटण दाबलं. "आजी, काही पाहिजे का?"

"न्हाई."

"कुणाशी बोलताय?"

"हिच्याशी."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडं बघत होते. आत्यांनी उजव्या हातानं खाटेची कड धरली होती आणि उशी खाली ढकलून अंग चोरून त्या काठावर निजल्या होत्या. डावीकडं वीतभर जागा मोकळी होती. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

"ही वायर बघा," बाई म्हणाल्या. जास्तीच्या वायरीचा आकडा सदतीस दाखवत होता. "अंगाला लागली असेल." त्या आत गेल्या, वायर उचलून आणखी कडेला, अगदी टोकाला ठेवली आणि परत आल्या. आकडा छत्तीसपर्यंत उतरला, थांबला, आणि आमच्या डोळ्यांदेखत परत सदतीसवर आला. तिथंच राहिला. शेक संपून आत्या खाली उतरल्यावर तो एकेक अंशानं खाली आला, तापलेलं भांडं निवत जावं तसा.

"बिघडली बहुतेक," बाई म्हणाल्या आणि वायर गुंडाळून ठेवली. पण गुंडाळताना ती त्यांनी दोन बोटांच्या चिमटीतच धरली होती.

त्याच दिवशी आत्यांच्या बरगडीवर फोड आला, बरोबर मधल्या डागावर. आत्यांना तो जाणवलाच नव्हता. डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं की जुन्या व्रणात रक्त कमी फिरतं, त्यामुळं उष्णता वाहून नेली जात नाही आणि ती जागा जास्त तापते. त्यात आत्या सरकल्यामुळं शेक तिकडं गेला. फोड भरून येईल. मला ते पटलं, पटण्यासारखंच होतं. मग त्यांनी आत्यांना विचारलं, "तुमच्याबरोबर कोण असतं आत?"

आत्यांनी सरळ सांगितलं. "माझी चुलतबहीण. मेलेली हाय ती."

पोरी चार-चार वर्षांच्या होत्या तेव्हा दोघींना एकदमच डबा झाला. हिर्डोशीला, आत्यांच्या माहेरी. चुलती डाग द्यायची. वाड्यावस्त्यांवरून लोक तिच्याकडं पोरं आणायचे. तिनं एकाच चुलीत विळा तापवून दोघी पोरींना डागलं. चुलतीची लेक गेली. आत्या जगल्या.

"आन् आता तितं ऊब लागली की ती येती. बाजूला निजती. म्हनती, सरक, ही माझी जागा हाय."

डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्त तपासलं, अंगातल्या क्षारांचं प्रमाण बघितलं, आजार डोक्यात तर गेला नाही ना म्हणून स्कॅन केला. सगळं चांगलं निघालं. मग मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "भीती असेल, जुनी आठवण असेल. पण त्या मध्यावर निजल्या नाहीत तर मला शेक बंद करावा लागेल. अजून एकदा बघू. त्यांच्याशी तुम्ही बोला."

भोरला परत येताना कापूरहोळच्या वळणावर आत्या म्हणाल्या, "तू हिरडोशीला जा. दादाला इचार. म्हनावं, तिचं काय करायचं ऱ्हायलंय का. ऱ्हायलं असंल तर करून टाका."

मी रविवारी सकाळच्या एसटीनं गेले. एसटी वरंध्याच्या रस्त्यानं जाते. उतरल्यावर पुढं चालावं लागतं. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगरावर ठिकठिकाणी राब भाजत होते. वारा नव्हता. धूर जिथल्या तिथं उभा होता.

आत्यांचे दादा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, ओट्यावर सुंभ वळत बसले होते. मामींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. मी आजाराचं सांगितलं, शेकाचं सांगितलं, आणि मग खाटेवरचं सांगितलं. मामांचे हात थांबले.

"तिनं काय सांगितलं तुला? कोन मेली म्हनून?"

"चुलतीची लेक."

मामांनी सुंभ खाली ठेवला. मग म्हणाले, "चुलतीची न्हाई मेली. मेली ती आमची. माझी पाठची भन. जगली ती चुलतीची."

मला समजलं, पण नीट समजलं की नाही ते कळेना. मी विचारलं, "मग आत्या?"

"तुझी आत्या चुलतीची लेक हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. पावसाळा संपत आला होता. या बाजूला डॉक्टर नव्हता. चुलतीनं दोघींना डाग दिले. तिसऱ्या दिवशी मामांची बहीण गेली. मामांची आई रडली नाही, जेवली नाही, कुणाशी बोलली नाही. नुसती चुलतीच्या हातांकडं बघत बसायची. चुलती विधवा होती आणि तिला ती एकच पोर. तेराव्या दिवशी तिनं पोरीला उचललं, जावेच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वैनी, ही तुमची. गेली ती माझी."

"त्या दिसापास्नं घरात समदी तसंच बोलाय लागली," मामा म्हणाले. "नावबी तेच ठेवलं, मेलेलीचं. तिचं पैलं नाव पुन्ना कुनी काढलं न्हाई. गावानं ऐकून घेतलं. म्या बारा वर्साचा हुतो. बा म्हनला, हे पुन्ना तोंडातनं काढायचं न्हाई. न्हाई काढलं."

"आणि चुलती?"

"हितंच ऱ्हायली. त्याच घरात, त्याच चुलीवर जेवली. पर पुन्ना कवा कुनाला डाग दिला न्हाई. आन् लेकीला कवा लेक म्हनली न्हाई. नुसतं ऐतवारी तिच्या डागांवर त्याल चोळायची. सा वर्सांनी मेली."

मी विचारलं, त्या पोरीला कुठं पुरलं. मामांनी पाण्याकडं हात केला. जुनं गाव खालच्या अंगाला होतं. "आता पानी हाय. वैशाखात उघडं पडतं."

"मामा, आत्यांना सांगू का?"

"म्या साठ वर्सं न्हाई सांगितलं. तू सांग, नगं सांगू. आता माझ्या हातात काय?" मग उठताना त्यांनी मला आत्यांचं पहिलं नाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

परतताना मी पाण्याच्या कडेनं चालत होते. ऐन दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बरंच चालल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी अगदी कडेच्या खडीवरून, जवळजवळ गटारातून चालले आहे. सगळा रस्ता मोकळा असताना. डावीकडं कुणाला तरी चालायला जागा ठेवावी तसं. मी मुद्दाम रस्त्याच्या मध्यावर आले. चार-दोन पावलांवर पुन्हा कडेला गेले. पुन्हा मध्ये यायचा धीर झाला नाही. एसटी येईपर्यंत मी थांब्यावरच्या बाकाच्या टोकाला बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडाला मलम लावताना मी आत्यांना सगळं सांगितलं. समोरासमोर बसून सांगायचं धाडस नव्हतं. नजर फोडावर ठेवून बोलता आलं. मलम लावून झालं, मी पट्टी चिकटवली.

"मंग ती खरंच म्हनत हुती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिची जागा."

खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत होता, कुकरची शिट्टी झाली, आणि तरी मला दाराकडं पाठ करून बसवेना.

"म्या तिचं नाव घेऊन नांदले," आत्या म्हणाल्या. "तिच्या आईच्या हातचा दूध-भात खाल्ला. तिच्या दादाला ओवाळलं. लगीन बी तिच्या नावानं लागलं." त्या रडत नव्हत्या. हिशेब मांडावा तसं एकेक सांगत होत्या. मग त्यांनी विचारलं, "माझं काय नाव हुतं?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारून बघितलं.

"चांगलं हाय. पर परक्याचं वाटतं."

आणि थोड्या वेळानं, "काकी त्याल लावाया लागली की मला हात झिडकारावासा वाटायचा. लई जोरानं चोळायची. झिडकारलाबी एकदा." मग त्यांनी तोंडात पदराचा बोळा घेतला आणि त्या खूप रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

तिसऱ्या आठवड्यात शेकाच्या खोलीत गेल्यावर आत्यांनी मशीनवाल्या बाईंना "जरा दम धरा" म्हणून थांबवलं. खाटेवर बसून त्यांनी डाव्या बाजूची चादर तळहातानं सारखी केली. मग निजल्या, बरोबर मध्यावर. बाईंनी मोजून बघितलं, एक बोटही इकडं-तिकडं नव्हत्या. वायरी लावल्या, पिशवी बसवली, दार लागलं.

मी पडद्यावर बघत होते. आत्यांनी डावा हात बाईंनी ठेवला तसाच सरळ ठेवला. उजवा मात्र हळूच कोपरात वाकवला आणि कुशीत घेतात तसा पोटाशी धरला. हाताच्या आणि पोटाच्या मध्ये पोकळ जागा राहिली. कुणी लेकरू निजलेलं असलं म्हणजे राहते तेवढी. तासभर तो हात हलला नाही. आकडे चढले, स्थिर झाले. आतून आवाज आला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई आकडे बघत होत्या. आत्या दिसत होत्या त्या पडद्याकडं त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी जास्तीची वायर आत नेलीच नव्हती.

बाहेर आल्यावर आत्यांचा उजवा हात बधिर झाला होता. मी तो चोळून दिला.

"आली होती?"

"व्हय."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. निजली."

चौथ्या आठवड्यात त्या तशाच निजल्या, तसाच हात धरला. पण पाच-दहा मिनिटांत त्यांनी तो सोडला आणि सरळ ठेवला. मला पडद्यावर त्यांचा चेहरा दिसत होता. त्या दाराकडं बघत होत्या. शेक संपल्यावर म्हणाल्या, "आज न्हाई आली." इतक्या दिवसांत त्या मला तेव्हाच घाबरलेल्या वाटल्या.

दीड महिन्यानं आम्ही दाखवायला गेलो. गाठी बसल्या होत्या. फुटलेली जागा कोरडी पडून कातडी काळपट, करपल्यासारखी झाली होती, पण हाताला मऊ लागत होती. डागावरचा फोड भरला होता. डॉक्टरीण बाईंनी दोनदा बोटं फिरवून बघितली आणि त्या खूष झाल्या. तरी बजावलं, "इथलं गेलंय असं दिसतं. बाकी अंगावर लक्ष ठेवायचं. गोळ्या थांबवायच्या नाहीत, दर तीन महिन्यांनी यायचं." त्याला आता दोन वर्षं होत आली. दर तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणी नीट जेवत नाही. अजून तरी तिथं काही उगवलेलं नाही.

शेक झाला त्याच वर्षी वैशाखात आत्या म्हणाल्या, हिर्डोशीला न्या. नवऱ्यानं सुट्टी काढली, गाडीनं गेलो. मामा काठी घेऊन वाटेवर उभेच होते. पाणी पार खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या जमिनीला भेगा गेल्या होत्या, त्यातून जुन्या घरांच्या चौथऱ्यांच्या रेषा, एका जात्याची अर्धी तळी, झाडांचे काळे बुंधे. मामा पुढं चालले, मागून आत्या. आम्ही दोघं काठावर थांबलो. एका बुंध्याजवळ मामा उभे राहिले, इकडं-तिकडं बघितलं, चार पावलं मागं आले आणि काठीनं जागा दाखवली. ती जागा बाकीच्या जमिनीसारखीच होती.

आत्या खाली बसल्या. त्यांनी पिशवीतून हिरवी काकणं काढली, लहान मनगटाची. भोरच्या बाजारातून कधी आणली होती कोण जाणे. ती भेगांवर ठेवली. मग पाण्याची बाटली उघडली आणि सगळं पाणी हळूहळू त्या जागेवर ओतलं. ओतताना हाताचा आडोसा धरला होता, पोराला न्हाऊ घालताना डोळ्यांत जाऊ नये म्हणून धरतात तसा. मला ऐकू आलं ते एवढंच, "भाजलं हुतं गं लई." पाणी भेगेत गेलं. जमीन इतकी तापलेली होती की वर ओल टिकली नाही.

मामींनी भात आणि पिठलं करून ठेवलं होतं. जेवणं झाली. मामा आत्यांशी काहीच बोलले नाहीत, आत्याही त्यांच्याशी नाहीत, पण दोघं एकाच भिंतीला टेकून बसले होते. ऊन उतरल्यावर निघालो. आत्या पुढं, मी पिशव्या घेऊन मागं. आम्ही गाडीपर्यंत पोचत होतो तेव्हा मामांनी ओट्यावरून हाक मारली. आत्यांच्या पहिल्या नावानं. साठ वर्षांत ती हाक कुणी मारली नसेल.

आत्या चालत राहिल्या. मामांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मी मागं वळून बघितलं. मामा हात उंच करून उभे होते. आत्यांनी गाडीचं दार उघडलं, पाय आत घेतले, पदर सारखा केला.

वळणापर्यंत मामा दिसत होते. गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर आत्यांनी मला विचारलं, "दादा कुनाला गं हाका मारत हुता?"

"तुम्हालाच, आत्या."

"व्हय का," त्या म्हणाल्या.